चौदाव्या ट्रेवरचा चिमटा

सरकारी कचेरीचे साहेब पाहणीला येणार असल्याचं पत्र सोमवारी आलं आणि सासूबाईंनी मंगळवारपासून अक्काला घासायला घेतलं. घासायला म्हणजे अक्षरशः घासायला. टाचा दगडाने, नखं जुन्या ब्रशने, कानामागची मान ओल्या फडक्याने. अक्का चौतीस वर्षांची आहे. मोरीत स्टुलावर बसून ती ओरडत होती, "पाणी गार! पाणी गार!" पाणी चांगलं कढत होतं. अक्काला जे आवडत नाही ते सगळं गार असतं. ऊन गार, इंजेक्शन गार, कारल्याची भाजी गार.

"आई, ते पाहणीला येतायत. टाचा बघायला नाही," मी म्हणाले.

"तू गप्प बस. परक्यापुढे आपलं माणूस नीटनेटकं दिसलं पाहिजे."

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकते आहे. या घरात मी आले तीच मुळी या वाक्याच्या जोरावर.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न ठरायच्या आधी माझे वडील घर बघायला आले, तेव्हा हिने स्टीलच्या तबकात पाण्याचे तीन पेले आणले, एक थेंब न सांडता. म्हणाली, "नमस्कार. पाणी घ्या. मी आत जाते." आणि आत गेली. माझे वडील खूश. घरी येऊन मला म्हणाले, "नणंद गरीब गाय आहे. तुला जाच म्हणून होणार नाही." एवढी तीन वाक्यं बसवायला सासूबाईंना तीन महिने लागले होते, हे त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

लग्नाच्या तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून धप धप आवाज आला. दाराला बाहेरून कडी. मी कडी काढली तर अक्का भिंतीला पाठ आपटत बसलेली, आणि तिचा डावा घोटा जुन्या चादरीच्या पट्टीने खाटेच्या पायाला बांधलेला. सासूबाई मागून आल्या. हात कोपरापर्यंत मातीने भरलेले. "हंगाम आहे गं," त्या म्हणाल्या. "चार महिनेच. लावणी संपली की सोडते."

मी महिनाभर माहेरी जाऊन बसले. मग परत आले. फसवणूक झाली होती हे खरंच आहे आणि त्याचा राग मी काही वर्षं पुरवून पुरवून वापरला. पण नंतर माझ्या लक्षात आलं, की घर झाकून ठेवण्यात या बाईचं आयुष्य गेलंय. माझा तर महिनाच गेला.

आमची रोपवाटिका आहे. हिरव्या जाळीखाली टोमॅटो, मिरची, कोबीची रोपं. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कप्पे असतात, प्रत्येक कप्प्यात नारळाचा भुसा भरायचा, बोटाने खळगा करायचा, एक बी टाकायचं. हंगाम आला की सगळ्यांनाच रोपं आजच्या आज हवी असतात. सासूबाई आणि मी मातीत, माझा नवरा टेम्पोवर. अक्काला झारीने पाणी घालायला फार आवडायचं, पण आम्ही तिला ते शक्यतो घालू देत नसू. कारण तिच्या हातात झारी दिली की रोपं मरायची. ती नळाच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची आणि मध्ये कुणी हाक मारली, की पुन्हा पहिल्या ट्रेपासून. पुन्हा हाक, पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या ट्रेला दिवसात सात वेळा पाणी. रोपं बुडाशी काळी पडून आडवी व्हायची. आम्ही त्याला मर म्हणतो. सासरे असताना म्हणायचे, मर रोपांना नाही, आपल्याला लागली आहे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी सायकलवाली आली.

अक्कासारख्यांना घरी येऊन मदत करायला कचेरीने नेमलेली पोरगी, पंचविशीतली. सायकलच्या कॅरिअरला पिशवी, डोक्याला रुमाल. सासूबाईंनी तिला दारातच अडवलं. "आम्ही हिला कुठे पाठवणार नाही," त्या म्हणाल्या. त्याआधी एकदा त्या लांबच्या एका संस्थेत जाऊन आल्या होत्या, उंच भिंतीची. परत आल्यावर तिथलं काहीच बोलल्या नाहीत. फक्त एवढंच, की तिथे सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले आहेत.

"मी न्यायला नाही आले, मावशी," सायकलवाली म्हणाली. "त्यांना इथेच राहता यावं म्हणून आलेय."

चार दिवस तिने काहीच केलं नाही. जाळीखाली पालथ्या बादलीवर बसून अक्काकडे बघत राहिली. मला वाटलं, कचेरीने आणखी एक बसून खाणारी पाठवली. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अक्का हट्ट नाही करत. मध्ये थांबवलं की कुठपर्यंत झालं ते त्यांच्याकडून सुटतं. मग त्यांच्या दृष्टीने सगळंच राहिलेलं असतं." तिने दोरीवरचा कपड्यांचा लाल चिमटा काढला आणि अक्का ज्या ट्रेशी होती त्याच्या कडेला लावला. "अक्का, इथपर्यंत झालं."

अक्काने चिमट्याकडे बघितलं. हात लावून बघितला. आणि पुढच्या ट्रेला पाणी घातलं.

इतक्या वर्षांचा आमच्या घराचा आरडाओरडा, आणि औषध काय, तर कपड्यांचा चिमटा.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ. सायकलवालीने मोरीच्या भिंतीवर चित्रं चिकटवली, आधी पाय, मग हात, मग मान. अक्काला दुकानात साबण आणायला पाठवायला लागली. आधी दहा पावलं मागे राहून, मग पन्नास. माझ्या नवऱ्याने मागच्या खोलीची कडी स्वतःच्या हाताने काढली. चौकटीला चार भोकं राहिली, ती अक्काने ओल्या साबणाने बुजवली. रोज बुजवते. त्यात साबण संपतो आणि पुन्हा दुकानात जावं लागतं, हा तिचा फायदा.

साहेब गुरुवारी आले. पाहणीच्या वेळी सायकलवालीने हजर राहायचं नाही असा नियम होता. साहेब चांगले होते हो, आवाज चढवणारे नव्हते. कपाळावर घाम, काखेत फाइल, अजून सहा घरं बघायची घाई. खुर्चीत बसले आणि आतून अक्का आली. वेणी घातलेली, स्टीलचं तबक, तीन पेले.

"नमस्कार. पाणी घ्या. मी आत जाते."

नऊ वर्षांनी तेच तबक, तीच तीन वाक्यं.

"अरे वा!" साहेब म्हणाले आणि कागद काढला. "आंघोळ स्वतः करते?"

"करते की," सासूबाई म्हणाल्या.

"जेवण?"

"स्वतः."

"एकटी बाहेर जाते?"

"दुकानात जाते. साबण आणते. सुट्टे पैसेसुद्धा परत आणते."

पन्नास पावलं मागे कोण असतं, आंघोळीच्या वेळी दाराशी उभं राहून 'आता मान, आता मान' कोण म्हणतं, यातलं काहीच नाही. मी तोंड उघडलं. सासूबाईंचं कोपर बसलं. पण सगळा दोष कोपराला देणार नाही. नणंदेच्या आंघोळीचं परक्या पुरुषाला सांगायची मलाही लाज वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची. नऊ वर्षांत मीही याच घरची झाले होते. साहेबांनी पाणी प्यायलं, बारा मिनिटांत पाहणी संपली.

पुढचं पत्र दहा दिवसांनी आलं. सासूबाईंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. 'सदर व्यक्ती आता पूर्णपणे स्वावलंबी झाल्याचे आढळून आले.' त्यांनी मला थांबवलं. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा असा उजळला, की मला पुढची ओळ वाचवेना. त्यांच्या लेकीबद्दल कागदावर कुणी चांगला शब्द लिहिल्याची ही पहिलीच वेळ होती.

"पुढे?" त्या म्हणाल्या.

"सबब घरपोच साहाय्यसेवा महिनाअखेर बंद करण्यात येत आहे."

त्या हातातल्या ट्रेमध्ये बोटाने खळगे करत राहिल्या. बी टाकायचं विसरून सगळा ट्रे नुसता खळग्यांचा केला.

महिना संपला आणि नेमका हंगाम भरात आला. त्यात ऊन असं, की जाळीखाली श्वास घेतला तर नाक आतून भाजावं. वाऱ्याने जाळी दोन ठिकाणी फाटली. माणसं सकाळी सातपासून रोपांसाठी दारात. "वहिनी, माझे ट्रे कुठले?" "वहिनी, आधी माझं बघा." आणि ज्याला त्याला वाटेत अक्का. "बाई, सरक. बाई, जरा बाजूला." प्रत्येक हाकेला अक्का पहिल्या ट्रेकडे. माझ्या कंबरेला खोचलेले चिमटे कंबरेलाच राहायचे. मला तिच्यापर्यंत पोचायला वेळ नव्हता. चार दिवसांत नळाच्या बाजूची कोबीची रोपं मर लागून झोपली.

सोमवारी आठ वाजता अक्का फाटकात जाऊन उभी राहिली. दहाला मी तिला आत आणलं. बुधवारी साडेअकरापर्यंत उभी होती. शुक्रवारी मी बघायला गेले तेव्हा फाटक उघडं होतं आणि अक्का नव्हती.

माझ्या नवऱ्याला ती पुलावर सापडली. सायकल शोधायला निघाली होती. डांबरी रस्त्याने, अनवाणी, भर दुपारी. रस्त्याच्या मधोमध बसली होती आणि समोर एक ट्रक सारखा हॉर्न वाजवत होता. टेम्पोतून उतरवली तेव्हा तळव्यांची कातडी फोडांनी उचलून आली होती. मी मलम लावत होते आणि ती छताकडे बघून एवढंच म्हणत होती, "रस्ता गार. रस्ता गार."

संध्याकाळी नवरा पेचकस घेऊन मागच्या खोलीपाशी बसला. बाजूला जुनी कडी, चार स्क्रू. भोकांतला साबण तो खिळ्याने उकरत होता.

"काय करताय?" मी म्हणाले.

"डोळे आहेत ना तुला?"

"मीही जाते मग. मला माहेरचा रस्ता माहीत आहे."

"जा! सगळेच जा!" तो ओरडला. मग आवाज बसला त्याचा. "पुलावर ट्रकचं चाक तिच्यापासून इथून त्या बादलीएवढं लांब होतं. दिवसभर मी रस्त्यावर असतो. मी काय करू, सांग. तूच सांग."

त्याचंही खोटं नव्हतं. त्याच सकाळी तो कचेरीत जाऊन आला होता, तेही त्याने तेव्हाच सांगितलं. खिडकीवरचा कारकून म्हणाला होता, फेरपाहणीचा अर्ज करता येईल. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला होता, "या वेळी जरा हुशारीने घ्या. आठ दिवस तिचे केस विंचरू नका. अंगावर मळके कपडे राहू द्या. साहेब यायच्या आधी तिचं काहीतरी काढून घ्या, म्हणजे ओरडेल. साहेबांनी ओरडताना बघितलं, की काम झालं."

हे ऐकून सासूबाई उठल्या. दिवसभर वाकून त्यांची कंबर धरली होती, भिंतीला हात लावत लावत त्या दारापर्यंत आल्या.

"आजवर ती शहाणी दिसावी म्हणून नाटक केलं," त्या म्हणाल्या. "आता ती वेडी दिसावी म्हणून नाटक करू? माझी लेक काय तमाशातली आहे?"

"अगं आई, मग..."

"ती आहे तशी आहे. त्यांना बघायची असेल तर आहे तशी बघतील. आण ती कडी इकडे."

नवऱ्याने कडी दिली. मला वाटलं फेकून देतील. फेकून देणाऱ्यातल्या त्या नाहीत. फाटलेल्या जाळीचं एक टोक वाऱ्याने सारखं उडत होतं, त्याला त्यांनी कडी बांधून टाकली. जाळी खाली बसली.

मग मला म्हणाल्या, "साहेबांना घरी बसायला बारा मिनिटं मिळतात. कचेरीत तर दिवसभर बसतात ना?"

मंगळवारी सकाळी आम्ही टेम्पोत मिरचीचे अठ्ठावीस ट्रे भरले, झारी घेतली, बादली घेतली, चिमट्यांची पिशवी, रिकामे ट्रे आणि भुसा घेतला. तळव्यांना पट्ट्या, वरून माझ्या नवऱ्याचे मोजे, अशी अक्का पुढच्या सीटवर. वेणी घातलेली, धुतलेला झगा. सासूबाईंनी तिची मान नेहमीसारखीच घासली. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मळकी नेणार नाही म्हणजे नाही."

कचेरीचा व्हरांडा लांब आहे. एका टोकाला नळ, दुसऱ्या टोकाला साहेबांची खोली, मध्ये बाकं आणि दोरीने बांधलेले फायलींचे गठ्ठे. आम्ही नळापासून साहेबांच्या दारापर्यंत भिंतीला लागून ट्रे मांडले. शिपाई धावत आला.

"ओ! ओ! हे काय मांडलंय? बाजार आहे काय?"

"साहेबांना आमच्याकडे बाराच मिनिटं वेळ होता," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून घर इकडे आणलंय."

माझा नवरा टेम्पो घेऊन गेला, त्याला गिऱ्हाईकांची रोपं पोचवायची होती. सासूबाईंनी रिकामे ट्रे पुढ्यात घेतले आणि बाकापाशी खाली बसून भुसा भरायला लागल्या. मीही बसले. अक्काने झारी भरली आणि नळाच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

नवव्या ट्रेशी शिपाई तिला म्हणाला, "ए बाई, ऊठ इथून." अक्का वळली आणि पहिल्या ट्रेकडे गेली.

पुन्हा सहाव्यापर्यंत आली. खिडकीवरचा कारकून बाहेर आला, "अहो, पाणी सांडतंय!" अक्का पहिल्या ट्रेकडे.

तिसऱ्या फेरीला अकराव्यापर्यंत आली. रांगेतली एक म्हातारी मायेने म्हणाली, "काय गं पोरी, नाव काय तुझं?" अक्का पहिल्या ट्रेकडे. ट्रेच्या बुडातून पाणी निथळून व्हरांडाभर पसरलं आणि फायलींच्या एका गठ्ठ्याखाली शिरलं. शिपाई गठ्ठा उचलायला धावला, घसरला, गठ्ठ्यासकट बाकावर बसला. रांग हसली. मलाही हसू आलं, लपवलं नाही.

साहेब बाहेर आले. आम्हाला ओळखायला त्यांना जरा वेळ लागला.

"मावशी, हे काय चाललंय? थांबवा तिला."

"तुम्हीच थांबवा की," सासूबाई म्हणाल्या. मान वर न करता. "तुम्हीच लिहिलंय, स्वावलंबी आहे. सांगितलेलं ऐकेल."

"अहो ताई, थांबा जरा," साहेब अक्काला म्हणाले.

अक्का पहिल्या ट्रेकडे. साहेबांनी पॅन्ट घोट्यावर उचलली. पाणी त्यांच्या बुटांपर्यंत आलं होतं.

पण मग माझं हसू गेलं. चौथ्या फेरीला सगळेच तिच्याभोवती जमले आणि सगळेच बोलायला लागले. अक्का चौदाव्या ट्रेशी उभी होती, पुढे जाता येईना, मागे जाता येईना. तिने झारी टाकली आणि तळहाताने स्वतःच्या जबड्यावर मारायला लागली. एक, दोन, तीन, थांबायचं नाव नाही. आवाज ओल्या कपड्यासारखा. हे दाखवायला आम्ही तिला आणलं नव्हतं. कारकुनाने सांगितलेलंच शेवटी घडलं होतं, आणि मी बाकापाशी बसून बघत होते. मला स्वतःचीच लाज वाटली.

मी उठले. माणसं बाजूला केली. तिला हात लावला नाही, हात लावला की ती जास्त मारते. पिशवीतला लाल चिमटा काढला, चौदाव्या ट्रेच्या कडेला लावला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अक्का, इथपर्यंत झालं."

तिचा हात थांबला. चिमट्याकडे बघितलं. मग तो चाचपून बघितला. मी झारी भरून तिच्याजवळ ठेवली आणि मागे झाले. ती पंधराव्याकडे गेली.

साहेब पाण्यातूनच पुढे आले.

"काय केलंत तुम्ही?" साहेब म्हणाले.

"चिमटा लावला."

"एवढंच?"

"एवढंच."

"मग हे घरी तुम्हीच करा की! त्यासाठी माणूस कशाला लागतो?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. सासूबाई भुशाचे हात झटकत उठल्या.

"मोजा, साहेब," त्या म्हणाल्या. "माझे दोन हात मातीत. हिचे दोन मातीत. पोराचे दोन गाडीवर. झाले सहा. चिमटा लावायला सातवा लागतो. तो तुम्ही काढून नेलात."

"पण त्या दिवशी तुम्हीच तर म्हणालात, सगळं स्वतः करते..."

"खोटं बोलले." व्हरांडाभर ऐकू गेलं. "परक्यापुढे लेक चांगली दिसावी म्हणून जन्मभर खोटं बोलत आले. आता खरं सांगते, लिहून घ्या. सातवा हात नव्हता तेव्हा मी हिचा पाय चादरीने खाटेला बांधून ठेवत होते. पंधरा वर्षं. दर हंगामाला. बाहेरून कडी. घोट्यावर वण आहे, बघायचा असेल तर मोजा काढून दाखवते. पण तुम्ही म्हणत असाल की तिला कशाची गरज नाही, तर पुढचा पाय तुम्ही येऊन बांधा. मी बांधणार नाही."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. घराची मूठ त्यांनी भर कचेरीत उघडली होती, आणि त्यांची मान वर होती. रांगेतली ती म्हातारी आपल्या पिशवीचे बंद पिळत होती. "माझ्याकडे नातू आहे," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "बारा मिनिटंच बसले होते आमच्याकडेही."

साहेब खोलीत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते खुर्ची आणि फाइल घेऊन बाहेर आले आणि ट्रेच्या ओळीजवळ खुर्ची टाकून बसले. नवा कागद काढला.

"सुरुवातीपासून घेऊ. आंघोळ स्वतः करते?"

"तिला विचारा," सासूबाई म्हणाल्या. "समोर उभी आहे."

साहेबांनी विचारलं. अक्का बाविसाव्या ट्रेशी होती. मी चिमटा लावला. ती थांबली, पण बोलली नाही. साहेबांनी पुन्हा विचारायला तोंड उघडलं तेव्हा सासूबाईंनी हात वर केला. थांबा. ते थांबले. घड्याळात न बघता थांबले, तेवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"पाणी गार," अक्का म्हणाली.

शिपाई फिसकन हसला.

"लिहा," सासूबाई म्हणाल्या. "पाणी गार. म्हणजे काय ते ही सांगेल तुम्हाला."

मी सांगितलं. दाराशी उभं राहावं लागतं ते, 'आता मान' म्हणावं लागतं ते, पन्नास पावलं, पूल, ट्रक, सगळं. सांगताना एकदाही खाली बघितलं नाही. कागदाच्या दोन बाजू भरल्या, तिसरा कागद घेतला. पाच वाजले.

"मी शिफारस करतो," साहेब म्हणाले. "वरून सही होऊन कागद यायला पंधरा दिवस तरी लागतील. तोवर तुम्ही घरी जा."

टेम्पो आला होता. अक्काची संध्याकाळची फेरी चालू होती, ती चौदाव्यापर्यंत आली होती. शिपाई किल्ल्या वाजवत उभा. मी सवयीने पहिला ट्रे उचलला, तोच अक्काने माझ्या कंबरेचा चिमटा काढला, स्वतः काढला, आणि चौदाव्या ट्रेला लावला.

"इथपर्यंत झालं," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "नवी, हात नको."

नऊ वर्षं झाली, मी अजून नवीच आहे.

सासूबाईंनी माझ्या हातातला ट्रे खाली ठेवला. "ऐकलंस ना? हात नको. उद्या इथूनच." मग शिपायाला म्हणाल्या, "बाबा, झाडू मारशील तर चिमटा हलवू नकोस. हलवलास तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. आजच्यासारखं."

शिपायाने जोरजोरात मान हलवली.

बुधवारी आठला पाच कमी असताना आम्ही पुन्हा कचेरीत. अठ्ठावीस ट्रे जागच्या जागी होते. व्हरांडा झाडलेला होता, फक्त ट्रेच्या कडेची वीतभर पट्टी तशीच होती. पायऱ्यांशी ती म्हातारी, एका उंच तरुणाचा हात धरून बसलेली. आणि भिंतीला टेकवलेली एक सायकल, कॅरिअरला पिशवी.

सायकलवाली व्हरांड्यातून धावतच आली. "अक्का!"

अक्काने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाजूने निघून गेली, झारी भरली आणि थेट चौदाव्या ट्रेशी जाऊन चिमटा काढला.

"रुसल्यात माझ्यावर," सायकलवाली म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"रुसू दे. तेवढा हक्क आहे तिचा," सासूबाई म्हणाल्या. "कागद आला?"

"कागद नाही आला अजून. साहेबांनी तोंडी सांगितलंय. मी आजपासून घरी यायचं. चला, ट्रे भरू या टेम्पोत?"

सासूबाईंनी बाकाखालचं आपलं पोतं ओढलं, त्यावर नीट बसल्या आणि भुशात हात घातले.

"तू ये ना घरी. तोंडी सांगितलंय तर तू तोंडी ये," त्या म्हणाल्या. "ट्रे मात्र कागद आल्यावर उचलेन."